माल बोलू लागला

कोट्यधीश खेळाडूंचं रडगाणं आपण का गायचं? हा सवाल आपल्याच एका साथीचा आहे. त्याचं म्हणणं असं: अमेरिकेतला बास्केटबॉल म्हणजे भांडवलदारांचा तमाशा. त्यातला एक स्टार कोट्यवधी डॉलर खिशात घालून एका क्लबातून दुसऱ्या क्लबात उडी मारतो, यात कामगाराचं काय? आणि उडी तीही करार संपायच्या आधी! सही केली, पैसे घेतले, अजून वर्ष शिल्लक, आणि हा म्हणतो, मला दुसरीकडे पाठवा. हा कसला लढा? हा तर माज.

साथी, तू जे बोललास तेच तिथले मालक बोलतात. शब्दाला शब्द. म्हणून लिहायला बसलो.

मी गोदीत माल उचलतो. मॅट्रिक झालो आणि पाठीला गोणी लागली. बास्केटबॉल शिकलो नागपाड्यात, मस्तान तलावच्या मैदानावर. तिथल्या पोरांच्या पायात बूट फाटका असेल, पण लेब्रॉन कोणत्या साली कुठे गेला ते पाठ असतं. अमेरिकेत रात्री मॅच होते ती आपल्याकडे सकाळी, पाळीवर जाताना मोबाइलवर दिसते. तेव्हा खेळ मला कळतो. आणि माल कोणाला म्हणतात, ते तर त्याहून चांगलं कळतं.

६ फेब्रुवारी २०१९. डल्लास शहर. हॅरिसन बार्न्स नावाचा खेळाडू डल्लासच्या क्लबाकडून खेळत होता. मॅच चालू. तिसरा क्वार्टर. तेवढ्यात बातमी फुटली, की क्लबाने बार्न्सला सॅक्रमेंटोच्या क्लबाला देऊन टाकलं. मॅच चालू असताना! अंगात डल्लासचा सदरा, आणि माणूस सॅक्रमेंटोचा झालेला. तो उठून गेला नाही. बाकावर बसून राहिला, सोबत्यांबरोबर मॅच संपेपर्यंत. त्याने आरडाओरडाही केला नाही. ओरडला तो लेब्रॉन जेम्स. त्याने जाहीर लिहिलं, की क्लबाने असं केलं की त्याला धंद्याचं शहाणपण म्हणतात आणि खेळाडूने जातो म्हटलं की तो स्वार्थी, कृतघ्न.

लेब्रॉन तेव्हाच का तडकला? कारण आठवडाभर आधी, जानेवारीच्या शेवटी, न्यू ऑर्लिन्सच्या अँथनी डेव्हिसने आपल्या एजंटामार्फत जाहीर केलं होतं, की मी इथे नवा करार करणार नाही, माझा सौदा करा. लीगने त्याला ५० हजार डॉलर दंड ठोकला. सौदा मागितला म्हणून दंड नाही हं, 'जाहीर' मागितला म्हणून! बंद दाराआड मालकाच्या कानात सांगितलं तर चालतं. मालकाने मात्र चालू मॅचमध्ये माणूस विकला तरी दंडाचं कलम नाही.

(जाता जाता: ज्या सॅक्रमेंटोला बार्न्स गेला त्या क्लबाचा मालक विवेक रणदिवे, जन्म मुंबईचा. त्याच ऑक्टोबरात त्याचा क्लब वरळीच्या डोममध्ये दोन मॅच खेळून गेला. एक रणदिवे आम्हाला लाल बावट्याखाली ठाऊक होते. हे दुसरे. वर्तमानपत्रांना मराठी माणसाचा केवढा उमाळा आला होता.)

आता हा करार, करार म्हणून जो गजर चालतो तो काय आहे ते बघू. पोरगा एकोणीस वर्षांचा झाला की ड्राफ्ट होतो. तीस क्लब ओळीने उभे, आणि एकेक पोरगा उचलतात. पोराने क्लब निवडायचा नाही, क्लबाने पोरगा निवडायचा. पहिल्या फेरीत उचललेल्याचा पगार आधीच छापलेल्या तक्त्यातून ठरतो. चार वर्षं, त्यातली शेवटची दोन ठेवायची की नाहीत हे क्लबाच्या मर्जीवर. चार वर्षं संपली की दुसऱ्या कोणी जास्त दिले, तर जुना क्लब तेवढेच मोजून त्याला धरून ठेवू शकतो. म्हणजे पहिल्या दिवसापासून ज्याला खरं मोकळं म्हणावं तिथे पोचायला अनेकांना सात-आठ वर्षं लागतात. खेळाडूची उमेद असते केवढी? दहा, बारा वर्षं. गुडघा गेला तर तेवढीही नाही.

आणि या सगळ्या वर्षांत मालक त्याला कधीही, कुठेही, न विचारता पाठवू शकतो. करारात 'मला विचारल्याशिवाय पाठवायचं नाही' असं कलम लिहून घेता येतं. पण कोणाला? ज्याची लीगमध्ये आठ वर्षं झाली आणि त्यातली चार त्याच क्लबात, त्याला. आजवर ते मिळालेले मोजकेच.

सही केली म्हणतोस. अशा सह्या आम्हीही करतो. अंगठे आमच्या बापांनी केले. आमची टोळी एका ठेकेदाराने दुसऱ्याला दिली ते आम्हाला हजेरीच्या वहीवरचं नाव बदललं तेव्हा कळलं.

मग स्टार करार संपायच्या आधीच का ढकलतो? थांबत का नाही? करार संपला की फ्री एजन्सी, मोकळाच आहे की! इथे मेख आहे. ती समजल्याशिवाय या भानगडीवर तोंड उघडू नये.

१९८४ साली लीगने पगारांवर टोपी घातली. एका क्लबाने सगळ्या खेळाडूंना मिळून अमुक इतकंच द्यायचं. पण एक पळवाट ठेवली: स्वतःच्याच खेळाडूला ठेवून घ्यायला टोपी ओलांडता येते. बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने ती ओळखली जाते. म्हणजे राहशील तर पाच वर्षांचा करार आणि दरवर्षी वाढ जास्त. मोकळा होऊन परक्या क्लबात जाशील तर चार वर्षं, वाढ कमी, आणि त्या क्लबाच्या टोपीखाली जागा असेल तरच. मोकळीक दिली, पण तिच्यावर जकात बसवली!

पण सौद्यात गेलास, तर हा बर्डचा हक्क तुझ्या पाठीवर बसून नव्या क्लबात येतो. नवा क्लबच 'स्वतःचा' होतो. सगळे पैसे, सगळी वर्षं. जकात चुकली. उलट बाजूने क्लबालाही दिसतं, की हा उन्हाळ्यात जाणारच, मग आपल्या हातात धुपाटणं. त्यापेक्षा आत्ता दिला तर बदल्यात दोन-चार खेळाडू, ड्राफ्टचे नंबर पदरात पडतील. म्हणून स्टार शेवटच्या वर्षाच्या अलीकडे दार ठोठावतो. संपाची नोटीस संप मिटल्यावर देतात का? तिची ताकद तारखेच्या आधी असते.

२०११ साली कार्मेलो अँथनीने डेन्व्हरला हेच केलं. उन्हाळ्यात त्याचा करार संपणार होता. पण त्याच उन्हाळ्यात मालक टाळेबंदी करणार आणि नव्या समझोत्यात पगार कापणार, हे साऱ्यांना दिसत होतं. त्याने फेब्रुवारीतच न्यू यॉर्क गाठलं आणि तीन वर्षांचे साडेसहा कोटी डॉलर जुन्या भावाने लिहून घेतले. टाळेबंदी खरोखर झाली, जुलै ते डिसेंबर. कोण चुकलं? पत्रकार म्हणाले, कार्मेलो हावरट. टाळेबंदी करणाऱ्या तीसजणांना हावरट म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

आता निष्ठा.

हा शब्द ऐकला की माझं डोकं सणकतं. २०१० साली लेब्रॉन करारातून बाहेर पडला. सात वर्षं क्लीव्हलँडकडून खेळला, करार मोडला नाही, सौदा मागितला नाही. नियमाने मोकळा झाला आणि मायामीला गेला. टीव्हीवर तासभर सोहळा करून जाहीर केलं, ते मलाही आवडलं नव्हतं, पण ते सोड. त्याच रात्री क्लीव्हलँडचा मालक डॅन गिल्बर्टने जाहीर पत्र काढलं: बेइमान, पळपुटा, विश्वासघातकी. जेसी जॅक्सन तेव्हा म्हणाले, की हा मालक लेब्रॉनकडे पळून गेलेल्या गुलामासारखं बघतोय. लीगने गिल्बर्टला १ लाख डॉलर दंड केला. म्हणजे साथी, करार पाळून गेला तरी बेइमान, करारात असताना जातो म्हटला तरी बेइमान. मग करार हा मुद्दा नव्हताच की! मुद्दा एवढाच, की जायचं कधी ते याने का ठरवावं.

आणि मालकाची निष्ठा? २०१७ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सनी ब्लेक ग्रिफिनला थांबवण्यासाठी नाटक केलं. स्टेडियममध्ये नेऊन त्याचा सदरा छताला टांगायचा खोटाखोटा सोहळा दाखवला. आयुष्यभर आमचाच राहा! तो भुलला. सतरा कोटी डॉलरच्या वरचा, पाच वर्षांचा करार केला. सात महिन्यांनी, जानेवारी २०१८ मध्ये, त्याला डेट्रॉइटला पाठवून दिलं.

त्याहून वाईट आयझाया थॉमसचं. बोस्टनचा, बुटका, पावणेसहा फुटांचा. एप्रिल २०१७ मध्ये प्लेऑफच्या तोंडावर त्याची धाकटी बहीण मोटार अपघातात गेली. दुसऱ्या दिवशी हा मैदानात. ३३ गुण. मे महिन्यात, ती जगती तर तिचा तेविसावा वाढदिवस असता त्या दिवशी, ५३ गुण. कमरेचा खुबा दुखावलेला, तरी खेळला. पगार इतरांच्या मानाने किरकोळ. २०१८ ला करार संपणार, तेव्हा मोठा करार मिळेल म्हणून गप्प राहिला. सौदा मागितला नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये बोस्टनने त्याला क्लीव्हलँडला पाठवलं, कायरी अर्व्हिंगच्या बदल्यात. आणि तो कायरी? त्याने स्वतः सौदा मागितला होता. मागणारा बोस्टनला आला. न मागणारा, बहिणीच्या मयताच्या आठवड्यात खेळणारा, घालवला गेला. थॉमसला मोठा करार कधीच मिळाला नाही. २०१८ ला डेन्व्हरने घेतला तो लीगच्या किमान पगारावर.

साथी, निष्ठेवर बोलायचं तर आधी थॉमसवर बोल.

आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. इमान, इमान करत आपल्या बापजाद्यांना गावच्या वेशीला बांधून ठेवलं होतं. महार वतन म्हणजे काय होतं? गावकीची कामं, सांगावे, राखण, चोवीस तास हुकूम, आणि वर 'वतनदार' म्हणून पाठीवर थाप. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध बिल आणलं तेव्हा आपल्यातलेही काही कुरकुरले. वतन कायद्याने गेलं ते १९५८ साली. तुलना ताणत नाही. तिथे शिळी भाकर होती, इथे कोटी डॉलर आहेत. पण जाणाऱ्याला बेइमान ठरवायची भाषा मी ओळखतो, ती कोणत्या का देशात बोलेनात.

भाव जास्त मिळाला म्हणून माणूस माल होणं थांबत नाही, हे तिथल्या काळ्या खेळाडूंनी पन्नास वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. कर्ट फ्लड, बेसबॉलवाला. १९६९ ला सेंट लुईसच्या क्लबाने त्याला फिलाडेल्फियाला दिला. वर्षाला ९० हजार डॉलर पगार, त्या काळी मोठाच. तो म्हणाला, जात नाही, मी विकायची-घ्यायची वस्तू नाही. मुलाखतीत विचारलं, एवढा पगार घेऊन गुलाम कसला? तर म्हणाला, चांगल्या पगाराचा गुलाम हाही गुलामच. सुप्रीम कोर्टात गेला, १९७२ ला हरला, खेळ संपला. बास्केटबॉलमध्ये त्याच वेळी ऑस्कर रॉबर्टसनने १९७० ला दावा ठोकला. तो खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष होता. १९७६ ला समझोता झाला तेव्हा करार संपल्यावरही क्लबाला चिकटवून ठेवणारं कलम निघालं.

हे सगळं खेळ सांभाळून झालं नाही. १४ जानेवारी १९६४, बोस्टन. ऑल स्टार मॅच, टीव्हीवर थेट. रॉबर्टसन, बिल रसेल, एल्जिन बेलर, जेरी वेस्ट, सगळे ड्रेसिंग रूममध्ये बसले. पेन्शनचा शब्द मिळेपर्यंत मैदानात येत नाही! बेलर आणि वेस्टच्या मालकाने दारावर निरोप धाडला, बाहेर या नाहीतर परिणाम भोगा. आले नाहीत. कमिशनर आला, शब्द दिला, मग मॅच. ती पेन्शन फक्त ऑल स्टारांसाठी नव्हती. बाकावर बसणाऱ्या बाराव्या माणसासाठीही होती.

इथून माझं स्टारांशी भांडण सुरू होतं. मालकांची वकिली करणाऱ्याला वर दिलं तेवढं पुरे.

डेव्हिसला २०१९ च्या उन्हाळ्यात हवं ते मिळालं, लॉस एंजेलिस. २०२० ला तो जिंकला. पण त्याच्या बदल्यात कोण गेलं? लोंझो बॉल, ब्रँडन इंग्रम, जॉश हार्ट. एकवीस ते चोवीस वर्षांची पोरं. त्यांना कोणी विचारलं? फेब्रुवारीपासून महिनोन् महिने रोज पेपरात त्यांची नावं, हा जाणार, तो जाणार, आणि संध्याकाळी मैदानात त्याच माणसांबरोबर खेळायचं. मोठी नोट मोडताना वाण्याने सुट्टे पैसे परत द्यावे तसे हे तिघे. स्टार मोकळा होतो तेव्हा त्या मोकळीकीच्या तराजूत दुसऱ्या पारड्यात तीन-चार माणसं चढवावी लागतात. हे मालकाचंच यंत्र. स्टारने फक्त त्याचा दांडा क्षणभर हातात घेतला. यंत्र मोडलं नाही.

आणि यंत्र कोणालाच ओळखत नाही. २ फेब्रुवारी २०२५ च्या आदल्या मध्यरात्री डल्लासने लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिसला देऊन टाकला. पंचविशीतला, लीगमधल्या पहिल्या पाचांतला खेळाडू. त्याला पत्ता नव्हता. डल्लासमध्ये राहिला असता तर तीस कोटी डॉलरच्या वर करार करायला लायक ठरत होता, ती लायकी त्या रात्रीत गेली. डॉन्चिच गोरा आहे, युरोपातला. रंग आडवा आला नाही. आणि बदल्यात डल्लासला कोण पाठवला? अँथनी डेव्हिस! ज्याला २०१९ ला 'मला पाठवा' म्हटल्याबद्दल दंड झाला होता, त्याला २०२५ ला न विचारता पाठवला. या वेळी दंड कोणालाच नाही.

सुट्ट्या पैशांवरून एक गोष्ट सांगायचीच आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये करीम अब्दुल-जब्बारने मिलवॉकीच्या मालकांना सांगितलं, मला न्यू यॉर्क नाहीतर लॉस एंजेलिसला जाऊ द्या. हे शहर वाईट नाही, माझं नाही, एवढंच. जून १९७५ मध्ये सौदा झाला. करीम लॉस एंजेलिसला गेला. बदल्यात चारजण मिलवॉकीला आले. त्यातला एक ज्युनियर ब्रिजमन, ईस्ट शिकागोचा, पोलादाच्या कारखान्यांच्या गावचा. लॉस एंजेलिसने त्याला ड्राफ्टमध्ये उचलून तीन आठवडेही झाले नव्हते. एक मॅच न खेळता विकला गेला. करीमच्या हिशेबातली चिल्लर.

हा ब्रिजमन पुढे १९८५ ला युनियनचा अध्यक्ष झाला. १९८७ ला लीगविरुद्ध दावा गेला त्याला नाव याचंच, ब्रिजमन विरुद्ध लीग. १९८८ ला समझोता झाला. सात वर्षं खेळलेला, दोन करार पुरे केलेला खेळाडू कोणाच्याही आडकाठीशिवाय मोकळा, हे पहिल्यांदा तेव्हा झालं. त्याच जुलैत टॉम चेंबर्स सिएटल सोडून फीनिक्सला गेला, कोणी कोणाच्या बदल्यात न जाता. एकही पोरगा दुसऱ्या पारड्यात चढला नाही! ज्या मोकळीकीची धमकी देऊन आजचे स्टार सौदा ओढून घेतात, ती एका चिल्लर ठरलेल्या माणसाने मिळवलेली आहे. करीम माझा आवडता. तरी मी ब्रिजमनचं नाव आधी घेतो. (नंतर हा खाणावळींच्या धंद्यात अफाट श्रीमंत झाला, २०२४ ला त्याच मिलवॉकी क्लबाचा दहा टक्के मालक झाला आणि मार्च २०२५ मध्ये वारला. मालक झाला ते बरं की वाईट, त्यावर आपण वेगळं भांडू.)

तेव्हा साथी, स्टारला शिव्या घालू नकोस, आणि त्याची आरतीही ओवाळू नकोस. त्याला जाब विचार. लीगमध्ये दर दहातले सातजण काळे आहेत, आणि मालकांच्या खोलीत काळा माणूस शोधावा लागतो. तिथे युनियन आहे, धंद्याच्या उत्पन्नातला साधारण अर्धा वाटा तिने लढून मिळवलाय. २०२३ ला झालेला समझोता २०३० पर्यंत चालेल. नंतर पुन्हा टेबलावर बसतील. त्या दिवशी स्टारांनी काय मागायचं? स्वतःसाठी आणखी मोठा आकडा? की 'मला विचारल्याशिवाय पाठवायचं नाही' हे कलम, आठ वर्षांची अट काढून, सगळ्यांना?

सगळ्यांना म्हणजे दहा दिवसवाल्यालाही. हे ठाऊक नसेल तर ऐक. दरवर्षी ५ जानेवारीपासून क्लब दहा दिवसांच्या करारावर माणूस घेऊ शकतात. दहा दिवस खेळ, हजेरी लाव. एकाच क्लबात असे दोन करार झाले की तिसरा नाही, एक तर हंगाम संपेपर्यंत ठेवायचा नाहीतर वाटेला लावायचा. गिरणगावातल्या म्हाताऱ्यांना विचार, बदली कामगार म्हणजे काय, ते हेच सांगतील. सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी आलं नाही तर तुझा नंबर. या दहा दिवसवाल्याचा एजंट टीव्हीवर येत नाही. त्याच्या सौद्याची बातमी मॅचच्या मध्यात फुटत नाही. विसाव्या दिवशी त्याची खुंटी रिकामी असते, आणि एकविसाव्या दिवशी तिथे दुसऱ्याचा सदरा.